चुलीतला च, त्सुनामीतला त्सु

सातवीच्या स्कॉलरशिपचं बक्षीस म्हणून दादाला टीव्ही गेम मिळाला. १९९४ सालचा मे महिना, कोल्हापूर, मंगळवार पेठ. डब्यावर काय नाव होतं ते आता आठवत नाही. तेव्हा 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'समुराई' अशा नावांनी हे डबे घरोघरी यायचे. राखाडी प्लॅस्टिक, दोन रिमोट, तासाभरात तापून लाल होणारा अडॅप्टर आणि वरच्या खाचेत बसवायची पिवळी कॅसेट. कॅसेट चालली नाही तर काढून फुंकर मारायची. हे ज्ञान कुणी कुणाला दिलं ठाऊक नाही, पण गल्लीतल्या प्रत्येक पोराला होतं.

मारिओ आणि कॉन्ट्रा दादाचे. मला हात लावायला मिळायचा तो 'टँक'ला, कारण त्याला दुसरा भिडू लागायचा. विटांच्या भिंती, खाली मधोमध एक गरुड, त्याला जपायचं. दादाचा रणगाडा पिवळा, माझा हिरवा. एकदा माझ्याच गोळीनं गरुड गेला आणि दादा दोन दिवस बोलला नाही.

त्या खेळाचं खरं नाव 'बॅटल सिटी'. नामको कंपनीनं १९८५ साली तो निंटेंडोच्या 'फॅमिली कम्प्युटर'साठी काढला. तो रीतसर विकला गेला जपानातच. अमेरिकेतल्या पोरांना त्या काळी तो दुकानात मिळायचा नाही. आम्हाला मिळाला, कारण आमचा डबा त्या फॅमिली कम्प्युटरचीच नक्कल होता. मूळ यंत्र १९८३ चं, त्याच्या साठ पिनांच्या खाचेत जपानी बाजारातली कॅसेट आणि तिच्या नकला जशाच्या तशा बसायच्या. म्हणजे परदेशी खेळ म्हणून आम्ही जे खेळत होतो ते अमेरिकेहून आलेलं नव्हतंच. जपानी पोरांचं बालपण चोरवाटेनं थेट मंगळवार पेठेत उतरलं होतं. (ही निंटेंडो १८८९ साली क्योतोमध्ये सुरू झाली ती फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवण्यासाठी. सावंतवाडीच्या गंजिफा बनवणाऱ्या एखाद्या चितारी घराण्यानं पुढे जगभर टीव्ही गेम विकावेत, असं काहीसं.)

काही कॅसेटींमध्ये पडद्यावर न वाचता येणारी अक्षरं यायची. कोनाकोनांची, काड्या मोडून ठेवल्यासारखी. दादाचा निकाल ठरलेला असायचा : "चायनीज हाय ही. काढ."

ती जपानी काताकाना लिपी होती, हे कळायला मला बारा वर्षं लागली.

रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. मालिका मात्र निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीची, ५२ भागांची, १९८९ साली तिकडे सुरू झालेली. मुंबईत जन्मलेल्या इंग्रजानं लिहिलेलं मध्य प्रदेशातलं जंगल जपान्यांनी चितारलं आणि आम्ही ते हिंदीत पाहिलं. ते जपानी आहे हे घरात कुणालाही माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलं असतं तरी कुणाला फरक पडला नसता.

मी जपानीकडे गेले ती या कशामुळेही नाही. २००६ साली पुण्यात नोकरी शोधत होते, जपानी येणाऱ्यांना पगार बरा मिळतो असं मैत्रीण म्हणाली, शनिवार-रविवारचा वर्ग लावला. आज मी यंत्रांची माहितीपुस्तकं जपानीतून इंग्रजीत आणि कधीकधी मराठीत आणते. कारखान्यात बोल्ट किती न्यूटन-मीटरला आवळायचा, हे माझं साहित्य. त्यामुळे 'अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी कार्टून) बघून जपानी शिकले' असं कुणी म्हटलं की मी बरीच वर्षं मनातल्या मनात नाक मुरडायचे. ते मुरडणं सुटलं दादाच्या मुलीमुळे.

ती २००७ ची. भाषेच्या वयात आली तेव्हा घरात डोरेमॉन आणि शिनचॅन होते. हे दोघं २००५-०६ च्या सुमारास हंगामा वाहिनीवर हिंदी बोलत अवतरले. शिनचॅनवर २००८ मध्ये बंदी आली, मग काटछाट होऊन तो परत आला. आमच्या आईचं म्हणणं, काटछाट कमी पडली. नात पाच वर्षांची होईतो हिंदीत भांडायला लागली. "मुझे नहीं खाना" म्हणून ताट सरकवायची आणि आई कपाळाला हात लावायची : "आता हिला भाकरी पण हिंदीत वाढू व्हय?"

ही तक्रार तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत होती. मुलं खराब भाषा शिकतात एवढाच तिचा अर्थ सगळ्यांनी घेतला. मला आज त्यात वेगळं काही दिसतं. जपानी कार्टूननं मराठी मुलांना शिकवलेली पहिली भाषा हिंदी होती आणि ती शिकवणी विलक्षण यशस्वी झाली. पुस्तक नाही, बाई नाहीत, परीक्षा नाही. रोज दोन तास, तीच पात्रं, तेच प्रसंग, हावभाव इतके ठळक की शब्द कळला नाही तरी अर्थ कळावा. जपानी नंतर आली, पण याच वाटेनं.

ती आली करोनाच्या टाळेबंदीत. आठवीची शाळा मोबाइलवर, उरलेला दिवसही मोबाइलवर. आता डब नको होता. मूळ आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. 'नारुतो', मग 'डेमन स्लेयर'. दहावीच्या सुट्टीत ती पुण्याला माझ्याकडे आली तेव्हा मी तिला सहज विचारलं, काही समजतं का. तिनं न अडखळता वाक्य टाकलं. उच्चार इतका चोख की मी चमकले. आणि मग हसू आवरेना, कारण ती स्वतःला 'ओरे' म्हणाली होती.

'ओरे' म्हणजे 'मी', पण पुरुषाचा, तोही ऐटबाज. जपानीत क्रियापदाला लिंग नसतं. 'जातो' आणि 'जाते' एकच. बाईपण-पुरुषपण सर्वनामात आणि वाक्याच्या शेपटीत असतं. मारामारीच्या मालिकांतली पोरं 'ओरे' म्हणतात, समोरच्याला 'ओमाए' म्हणतात, चिडली की 'तेमे'. ओळखपाळख नसलेल्या माणसाला 'ओमाए' म्हटलं तर थेट 'अरे ए' होतं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "आत्या, आपण नाही का कोल्हापुरात 'मी आलो', 'मी गेलो' म्हणत? पुण्यातल्या मुली हसतात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडच्या पोरी बिनदिक्कत 'मी जेवलो' म्हणतात आणि पुण्यात आलं की पहिल्या आठवड्यात 'जेवले'वर येतात. मीही आले होते. दोन 'मी' खिशात बाळगायची सवय तिला मुळातच होती. जपानीतही मुली कधी 'बोकु' म्हणतात, मुलांचं सर्वनाम उसनं घेतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून काहीतरी कळतं.

कार्टूनमधली माणसं जशी बोलतात तशी जपानात रस्त्यावर कुणी बोलत नाही. किन्सुइ सातोशी या भाषाभ्यासकानं याला 'याकुवारिगो' म्हटलं, भूमिकेची भाषा. २००३ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. म्हातारा शास्त्रज्ञ म्हटला की तो अमुक प्रत्यय लावणार, श्रीमंत घरची मुलगी तमुक. खऱ्या शास्त्रज्ञाला ते ठाऊकही नसतं, पण वाचणाऱ्याला पात्र डोळ्यांपुढे उभं राहतं. शिनचॅनचं 'ओरा' याच गोत्रातलं. आपल्याकडे एखादा परदेशी माणूस फक्त शिवकालीन चित्रपट पाहून मराठी शिकला तर तो रिक्षावाल्याला 'आज्ञा असावी' म्हणेल. व्याकरण बरोबर, रिक्षावाला खूश, पण भाडं ठरायचं नाही.

तरीही या मुलांकडे जे असतं ते माझ्याकडे पहिली चार वर्षं नव्हतं : कान. मी पाठ्यपुस्तकातल्या मिलर नावाच्या साहेबांबरोबर स्वच्छ, इस्त्रीची वाक्यं शिकले आणि पहिल्यांदा खरा जपानी माणूस फोनवर भेटला तेव्हा त्यातलं एकही वाक्य ऐकू आलं नाही. भाचीला शब्द माहीत नसला तरी तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळायचं. तिची अडचण उलटी. राक्षस, सूड, सोबती, श्वास, तलवार हे सगळं येत होतं. तिकीट खिडकी, परवा, भाडेकरार, बद्धकोष्ठ यातलं काही नाही. शिवाय खाली इंग्रजी अक्षरं असली की डोळे वाचतात आणि कान झोपतात. हजार भाग पाहून कोरी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. पाहणं हे शिकणं नव्हे; पण ज्यानं पाहिलंय त्याला शिकवणं सोपं जातं, इतपत मी आता मानते.

मी तिला सुरुवातीपासून शिकवायला बसले आणि खरी गंमत तिथं घडली. वर्गात सगळे रोमन लिपीतून शिकवतात. तिला ते अडचणीचं वाटलं, म्हणून मी मुळाक्षरांचा तक्ता देवनागरीत मांडला. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ती म्हणाली, "ही तर आपली बाराखडी." खरंच आहे. बौद्ध भिक्षू सिद्धम लिपीत संस्कृत शिकत होते, त्या अभ्यासातून हा क्रम जपानी अक्षरांना लागला. क-वर्ग, मग च-वर्गाच्या जागी स, मग त, न. पुढे प-वर्गाच्या जागी ह बसलाय, कारण तो फार पूर्वी प होता. मग म, य, र, व. शेवटी एकटा 'न्'. मी वीस वर्षांपूर्वी हा तक्ता रोमनमध्ये घोकला होता आणि तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं.

मग स-ची ओळ : सा, शि, सु, से, सो. 'सि' का नाही, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. तिला विचारलं, एक म्हैस, दोन काय? "म्हशी." स होता, पुढे ई आली, श झाला. संपलं. त-ची ओळ : ता, चि, त्सु, ते, तो. हा 'त्सु' म्हणजे हिंदी-इंग्रजीच्या वळणाच्या जिभेची परीक्षा. कुणी 'सु' म्हणतं, कुणी 'टीसू'. आमच्याकडे तो चुलीत आहे. चूल, चाक, चमचा यांतला च आणि चिंचेतला पहिला च वेगळे, हे प्रत्येक मराठी मूल न शिकता बोलतं. आणि हा चिंचेतला च जपानीच्या या ओळीतही बरोबर 'इ'च्या आधीच येतो. फक्त आपल्या लिपीत दोन्ही च एकाच रूपात लिहितात, म्हणून आपल्याकडे ही पुंजी आहे याची आपल्यालाच खबर नसते. ळ आणि ण यांना मात्र तिकडे जागा नाही. पुणे दोन अक्षरांत उरकतं, 'पुने'. कोल्हापूरचं 'कोरुहापूरु' होतं, त्यावर दादा आजही नाराज आहे.

उच्चार झाले. व्याकरणात तर मला माझाच राग आला. जपानीत 'ताबेते मिरु' असा प्रयोग आहे. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणे. खाऊन बघणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणे. 'आगेरु' म्हणजे देणे. 'काइते आगेरु', लिहून देणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे, पण 'वासुरेते शिमाउ' म्हणजे विसरून बसणे. उरकल्याचा भाव आणि हळहळ दोन्ही एकाच क्रियापदात. आपण त्यासाठी टाकणे आणि बसणे अशी दोन वापरतो, एवढाच फरक. इंग्रजी टिपणांत यातल्या प्रत्येकासाठी परिच्छेदभर समजावणी असते. 'बघण्याचा इथे पाहण्याशी संबंध नाही, प्रयत्न करणे असा अर्थ घ्यावा' वगैरे. मी ते परिच्छेद पाठ केले होते. परीक्षेत लिहिलेही. आई स्वयंपाकघरातून रोज हाका मारायची, मीठ लागलंय का खाऊन बघ, पाणी भरून ठेव. आणि मी पुण्यातल्या खोलीत बसून तेच इंग्रजीतून शिकत होते.

मराठी आणि जपानी यांचं नातं नाही, हे सांगायला हवं. दिवाळी अंकात अशी नाती पटकन जुळवली जातात. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांमध्ये अशा चाली सापडतात आणि आपल्या शेजारच्या भाषांतही त्या आहेत. पण शिकणाऱ्याला कुळाशी काय करायचंय? त्याला पायरी हवी. ती घरात होती आणि आम्ही सगळे शिडी आणायला इंग्रजीच्या दुकानात गेलो.

या जोड-क्रियापदांतला एक प्रयोग अ‍ॅनिमे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पात्र घराबाहेर पडताना ओरडतं, 'इत्ते किमासु'. इंग्रजी अक्षरांत खाली येतं, मी निघालो. शब्दाला शब्द ठेवला तर ते आहे 'जाऊन येते'. आतून उत्तर येतं ते 'जाऊन या'. भाचीनं शेकडो वेळा हे ऐकलं होतं, शेकडो वेळा खालचं इंग्रजी वाचलं होतं, आणि रोज सकाळी आजीला 'येते गं' म्हणून शाळेला गेली होती. 'जाते' म्हटलं तर आजी रागवायची.

जिथं मराठीचा उपयोग संपतो ती जागा म्हणजे आदर. आपल्याला वाटतं, अहो-जाहो आपल्याकडेही आहे. पण आपला आदर माणसाला चिकटलेला असतो. साहेब ते साहेब, कुणाशीही बोलताना. जपानीत तो ऐकणाऱ्यावर ठरतो. बाहेरच्या माणसाचा फोन आला तर आपल्या सर्वांत वरच्या साहेबांचं नावही आदराचा 'सान' न लावता घ्यायचं, 'तानाका आत्ता जागेवर नाही' असं, कारण त्या क्षणी साहेब आपल्या घरातले आणि ऐकणारा पाहुणा. मला पहिल्यांदा हे करताना घाम फुटला होता. हे कुठल्याही कार्टूनमध्ये नीट शिकायला मिळत नाही. तिथले नायक मोठ्यांशी उद्धटच बोलतात, म्हणून तर ते नायक.

वाचायला मात्र खेळांनी मदत केली, आणि इथं माझी टँकची पिढी पुन्हा आठवते. जुन्या यंत्रांत जागा इतकी कमी की हजारो कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, बसणं अशक्य. १९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट' ६४ किलोबाइटांत कोंबायचा होता. करणाऱ्यांनी काताकानातली फक्त वीस अक्षरं निवडली आणि राक्षसांची, मंत्रांची नावं त्या विसांतच बसवली. १९९६ चा पहिला पोकेमॉनही कांजीविना, शब्दांमध्ये जागा सोडून लिहिलेला, आपल्या पहिलीच्या पुस्तकासारखा. २०१३ पासूनच्या पोकेमॉन खेळांत भाषा निवडता येते. भाचीनं जपानी निवडली आणि तीन आठवडे एकाच गावात अडकून पडली. चौथ्या आठवड्यात ती ताडताड वाचत होती. मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथांचंही तसंच, मुलांच्या मासिकांत अवघड कांजीच्या बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो. नित्याच्या वापराच्या कांजींची सरकारी यादी २,१३६ ची आहे. त्यांना आडवाट नाही. त्या लिहून लिहूनच येतात आणि बहुतेक जण तिथंच गळतात.

२०२५ च्या जुलैच्या पहिल्या रविवारी पुण्यात भाचीची जपानी भाषेची एन-४ पातळीची परीक्षा होती. त्याच दिवशी आषाढी एकादशी. परीक्षेच्या फाटकाबाहेर पालक उपवासाचे डबे घेऊन उभे, एकाच्या मोबाइलवर पंढरपूरची महापूजा, आणि आत जाणाऱ्या पोरांच्या पाठपिशव्यांवर नारुतोचे बिल्ले. सगळे बिल्लेवाले नव्हते. चाकणच्या कारखान्यातले कामगार दिसत होते, नर्सिंगच्या मुली होत्या, चाळिशीचे आयटीवाले होते. पास व्हायला १८० पैकी ९० गुण, सगळे प्रश्न बहुपर्यायी, बोलायचं काहीच नाही. सर्वांत वरची एन-१ मिळवूनही चहा मागता न येणारी माणसं या पद्धतीतून तयार होतात. पण खिडकीवर प्रमाणपत्र दाखवावं लागतं, त्याला इलाज नाही.

खिडक्या वाढल्या आहेत. जपाननं २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, २०२१ मध्ये भारताशी तसा करार झाला; त्यासाठी साधारण एन-४ इतकी भाषा लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत ५०,००० कुशल भारतीय तिकडे पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. यातली बरीच कामं वृद्धांच्या शुश्रूषेची आहेत. नव्वदीच्या आजोबांना अंघोळ घालताना काय आणि कसं बोलायचं, ही भाषा वेगळीच. आधीच्या पिढीतली माणसं नोकरीच्या भाषेवर गेली आणि रुजली. डोंबिवली-कल्याणच्या पट्ट्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागसभेवर निवडून आले. पुढचे येतील ते डोरेमॉन बघून वाढलेले असतील. जपान फाउंडेशनच्या २०२१ च्या पाहणीत जगभर ३७ लाखांहून अधिक शिकणारे मोजले गेले आणि शिकण्याच्या कारणांत अ‍ॅनिमे-मांगाची आवड वरच्या क्रमांकांत होती. मी ज्या कारणासाठी शिकले ते कारणही आहे. पण नोकरी मिळाली की माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी पुस्तक मिटलं. आवडीनं आलेल्यांना मिटायला निमित्त सापडत नाही. दर हंगामाला नवी मालिका येते.

ऑगस्टअखेर निकाल लागला, ती पास झाली. गणपतीला आम्ही सगळे कोल्हापुरात होतो. मखर काढायला माळ्यावर चढलेल्या दादाच्या हाती जुना टीव्ही गेम लागला. डबा मेलेला, अडॅप्टर उंदरांनी खाल्लेला, पण कॅसेटी शाबूत. त्यांतली एक तीच, 'चायनीज'. मागच्या बाजूला फिकट चिठ्ठी, काय करू नये याची सूचना असावी. भाचीनं ती दिव्याखाली धरली आणि एकेक अक्षर लावलं : "का... से... त्तो."

"म्हणजे?"

"कॅसेट. जपानी लोक पण याला कॅसेटच म्हणतात, बाबा. आणि चालली नाही की ते पण फुंकायचे."

"मग मी तीस वर्षं काय वेगळं सांगालोय?" दादा म्हणाला, कॅसेट तिच्या हातून घेतली आणि तिच्यात फुंकर मारली.